फणसवालीचा उजवा कोपरा

आमच्या छपाईच्या शेडमध्ये कुठलीही फाइल आली की पहिलं काम कोपरा साफ करण्याचं. गिऱ्हाईक मोबाइलवरून चित्र उतरवून आणतं, त्याच्या उजव्या कोपऱ्यात कुणाचं तरी नाव असतं, आणि गिऱ्हाइकाला तिथे स्वतःच्या दुकानाचं नाव हवं असतं. मग शेजारचा गवताचा नाहीतर आभाळाचा तुकडा उचलायचा, त्या नावावर ठेवायचा आणि कडा पुसायच्या. चहा निवायच्या आत होतं. मानपाड्याच्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये मी बावीस वर्षं हेच करते आहे. कॅलेंडरं, लग्नाचे बॅनर, देवांच्या तसबिरी, बुद्धाच्या तसबिरी, पुढाऱ्यांचे वाढदिवस. चित्र कशाचं आहे हे कळायच्या आधी माझा हात कोपऱ्यात गेलेला असतो.

मी काही अडाणी नव्हते. चित्रकलेच्या कॉलेजात पाच वर्षं काढली होती, आणि तैलरंगात माझ्यापुढे वर्गात कुणी नव्हतं. हे मी आजही सांगते, कारण दुसरं कुणी सांगत नाही. ठाण्याला एका जाहिरात कंपनीत चांगली नोकरी होती. मग आईला अर्धांगवायू झाला. तिचा उजवा हात आणि निम्मं बोलणं गेलं. भाऊ नाही, नवऱ्याला मीच सोडलेलं. ठाकुर्लीच्या घरात दुपारी दोन वाजता आईला कोण भरवणार, हा प्रश्न जाहिरात कंपनीला विचारण्यात अर्थ नव्हता. आमचे शेठ म्हणाले, "अकराला या, दीडला घरी जा, तीनला परत या. रिक्षाने दहा मिनिटं. मला फक्त टचिंग टॉप पाहिजे." माझ्यासारखीला असं म्हणणारा दुसरा माणूस मला ना तेव्हा भेटला, ना पुढे. शेठ वाईट नाहीत. वाईट असते तर मी कधीच सुटले असते.

आईबद्दल एक गोष्ट आधीच सांगायला हवी. ती वयाच्या तिशीत अक्षरं शिकली, आमच्या चाळीजवळच्या विहारात दुपारी बायकांचा वर्ग चालायचा त्यात. घरात पुस्तक नव्हतं. वाचायला होतं ते भिंतीवरचं. तसबिरींच्या आणि कॅलेंडरांच्या तळाशी बारीक अक्षरात छापखान्याचं नाव असायचं, कधी चित्रकाराचं. आई त्यावर बोट ठेवून मोठ्याने वाचायची. त्यामुळे तिला एक खोडच लागली. कुणाच्याही घरी गेलं की चित्र बघायच्या आधी ती खाली वाकून नाव शोधणार. लोक हसायचे. मीही हसायची.

महाराजांचं काम आमच्याकडे सात-आठ वर्षांपूर्वी आलं. महाराज म्हणजे कुठल्याशा लहान संस्थानाचे वारस. संस्थान आजोबांच्या काळातच गेलेलं, वाडा विकलेला, आणि उरलेली तीसेक तैलचित्रं घेऊन हे ठाण्यात एका जुन्या बंगल्यात राहतात. चारही बाजूंना टॉवर उठले आहेत आणि मध्ये हा कौलारू बंगला. त्यांना सगळे महाराजच म्हणतात. मला ते म्हणताना दरवेळी जीभ अडखळते, पण म्हणते.

त्यांना त्या चित्रांचे छापील संच हवे होते. जाड कागद, कापडी पेटी, एका पेटीत बारा चित्रं. प्रत्येक चित्राखाली उठावाची राजमुद्रा आणि एक ओळ: 'श्रीमंत महाराजसाहेब यांच्या खासगी संग्रहातून'. चित्रकार प्रसिद्ध असेल तर त्याचं नाव त्याखाली बारीक अक्षरात. नसेल तर नुसते महाराज. दसऱ्याला सोन्याबरोबर ही पेटी द्यायची: डॉक्टरांना, बिल्डरांना, साहेबलोकांना, वकिलांना.

मूळ चित्रं मी पाहिली तेव्हा काळवंडलेली होती. दिव्यांची काजळी, पिवळं पडलेलं वार्निश, कुठे बुरशी. मी महिना-दीड महिना बसून फाइलीत ती उजळली. मनापासून केलं, हे कबूल करते. बॅनरवरच्या पुढाऱ्यांचे गाल गोरे करून विटलेल्या माणसाला खरं चित्र हातात आल्यावर काय होतं, ते सांगून कळायचं नाही. कधीकधी दीडला घरी जायची आठवण शेठना करून द्यावी लागायची.

त्यातलं एक चित्र फणस कापणाऱ्या बाईचं होतं. शेणाने सारवलेल्या जमिनीवर ती बसली आहे. हाताला तेल लावलेलं, ते कोपरापर्यंत चमकतंय. गरे एका बाजूला काढलेत, आणि कुणीतरी हाक मारल्यासारखी तिने मान वर केली आहे. थोडी वैतागलेली. मला ती बाई फार आवडली. चेहऱ्यावरची बुरशी काढायला मला चार दिवस लागले. कोपऱ्याला किती वेळ लागला ते मला आठवत नाही, कारण कोपरा मी केला हेच मला आठवत नव्हतं.

पेट्या वाटल्या गेल्या आणि मग त्या चित्रांचं जे काही झालं त्याला मी तयार नव्हते. लोकांनी ती फ्रेम करून लावली. ठाण्यात वकिलाकडे गेले तर वकिलाच्या डोक्यावर फणसवाली. कल्याणला दात काढायला गेले तर दातवाल्याकडे फणसवाली. बिल्डरच्या नमुना फ्लॅटमध्ये सोफ्याच्या मागे फणसवाली, राजमुद्रा नीट दिसेल अशा उंचीवर. ज्याच्याकडे पेटी आली तो मोठा माणूस, असं ठरून गेलं. ज्यांच्याकडे आली नाही त्यांनी ओळखी काढून मागवली. 'महाराजांची नजर', 'महाराजांची रसिकता' असं लोक बोलायला लागले. आयत्या बिळावर नागोबा! चित्रं काढली कुणी, जमवली आजोबांनी, उजळली मी, आणि रसिक कोण, तर वाटणारे. आधी ठाण्यात ह्या माणसाला कुणी ओळखत नव्हतं. आता प्रत्येक उद्घाटनाला पहिल्या रांगेत खुर्ची असायची. एकही मूळ चित्र कुणी पाहिलेलं नव्हतं. सगळ्यांनी पाहिलं होतं ते माझं टचिंग.

मीसुद्धा फणसवालीची एक प्रत घरी आणली होती. आईने डावा हात लांब करून ती जवळ ओढली, खालची ओळ वाचली, आणि विचारलं, "काढली कोणी?" मी म्हणाले, "माहीत नाही गं, जुनं आहे." तिने प्रत परत दिली. लावायला सांगितलं नाही.

मग गेल्या वर्षी एक वयस्क गृहस्थ शेडवर आले. कल्याणचे, निवृत्त शिक्षक, इस्त्रीचा पांढरा शर्ट, एकोणऐंशी वर्षांचे. दातवाल्याकडे त्यांनी फ्रेम भिंतीवरून उतरवायला लावली होती आणि मागच्या चिकटपट्टीवर आमचा पत्ता वाचला होता. भर उन्हात शोधत आले होते. मी त्यांना पाणी दिलं.

"बाई, त्या चित्राला तुम्ही फणसवाली म्हणता," ते म्हणाले. "ती माझी आजी आहे."

त्यांचे आजोबा संस्थानच्या शाळेत ड्रॉइंग मास्तर होते. त्यांनी बायकोला अंगणात बसवून हे चित्र काढलं आणि राजेसाहेबांना नजर केलं. बाकीची चित्रं वाळवीने खाल्ली. घरात एक कागदही उरलेला नाही. "मी सात-आठ वर्षांचा असताना आजोबांनी मला वाड्यावर नेलं होतं. चित्राच्या उजव्या कोपऱ्यात त्यांचं नाव होतं, तांबड्या रंगात. त्यात एक अवघड जोडाक्षर आहे. मी ते न चुकता वाचलं म्हणून त्यांनी माझी पाठ थोपटली. तुमच्या छापलेल्या चित्रात ते नाही, म्हणून विचारायला आलो."

मी म्हणाले, "मूळ चित्रात असेल तर फाइलीत सापडेल. बघते."

ते उठताना थांबले. "माझी मुलं म्हणतात, बाबा, तुम्ही काहीही गप्पा मारता. आपल्या घरात कोण चित्रकार होतं? त्यांना नुसतं दाखवायचं आहे हो. बाकी माझी काही अपेक्षा नाही." एका चिठ्ठीवर वळणदार अक्षरात फोन नंबर लिहून ते गेले.

ते फाटकाबाहेर पडल्याबरोबर मी पहिला स्कॅन उघडला, माझा हात लागायच्या आधीचा. उजवा कोपरा मोठा केला. तांबडी अक्षरं होती. जोडाक्षर होतं. मी माझी तयार फाइल शेजारी लावली. तिथे सारवलेली जमीन होती, इतकी सफाईदार की मला स्वतःलाच कडा सापडेना. कॉलेजात शिकलेली मी, बुरशीच्या एकेका ठिपक्याला तासभर देणारी मी, आणि माणसाचं नाव पुसताना माझे डोळे तिथे नव्हतेच. मला इतकी लाज वाटली की खुर्चीवरून उठून मी बाहेर जाऊन उभी राहिले.

तरी तेव्हा वाटलं, सोपं आहे. चूक माझी, दुरुस्तही मीच करीन. शेठना सगळं सांगितलं. शेठ म्हणाले, "अरे यार मॅडम! थांबा, महाराजांना विचारून घेतो. तोपर्यंत त्या काकांना फोन नका करू." मी नाही केला. काकांचाच आला. मी म्हणाले, "शोधतेय." हे माझं पहिलं खोटं.

तीन दिवसांनी गाडी आली आणि मला आणि शेठना ठाण्याला बंगल्यावर नेलं. महाराज सौम्य माणूस आहे. स्वतः उठून खुर्ची दिली, आईची चौकशी केली. मग ताकाला जाऊन भांडं लपवल्यासारखं बराच वेळ हवापाण्याचं बोलले. शेवटी कळलं ते असं. दिवाळीनंतर ठाण्यातच मूळ चित्रांचं प्रदर्शन ठरलं होतं, पाहुणे बोलावले होते. आणि मुंबईच्या एका जाणकाराने आमच्या छापील फणसवालीवर लेख लिहिला होता. चित्रावर नाव नाही, पण हात मात्र एका फार मोठ्या चित्रकाराचा वाटतो, असं त्यात होतं. तेव्हापासून महाराज भाषणात तेच सांगत होते.

"आता तिथे एका शाळामास्तरचं नाव दिसलं, तर लोक काय म्हणतील, तुम्हीच सांगा," ते हसून म्हणाले. "लोकांना चित्र माहीत आहे ते तुमच्यामुळे. त्यांना मूळ चित्र तसंच दिसायला हवं. जरा स्वच्छ करून द्या. प्रिंटसारखं."

छापलेलं चित्र मुळाशी जुळतं का, हे मी आयुष्यभर पाहत आले होते. मूळ चित्र छापलेल्याशी जुळवायला मला पहिल्यांदाच कुणी सांगत होतं. मी म्हणाले, "महाराज, ते मला जमणार नाही. ते त्या माणसाचं नाव आहे."

त्यांनी नुसतं शेठकडे बघितलं. परतीच्या वाटेवर गाडीत शेठ म्हणाले, "मॅडम, आधी कोणी पुसलं? तुम्हीच ना? मला विचारलेलं का? महाराजांनी सांगितलेलं का? मग आता एकदम सत्यवादी कशाला बनताय? हे काम गेलं ना, तर मला शेड बंद करायला लागेल. मग तुम्ही दीड वाजता कुठून घरी जाणार?"

रागाने बोलले असते तर मीही भांडले असते. भांडायला मला कुणाच्या परवानगीची गरज लागत नाही. पण ते खरंच काळजीने विचारत होते. आपलेच दात आणि आपलेच ओठ. मी दुसरीकडे विचारून बघितलं, तेही सांगते. डोंबिवलीत एका क्लासमध्ये, ठाण्यात दोन ठिकाणी. सगळीकडे नऊ ते सात. एका बाईने विचारलं, "आईंना आश्रमात ठेवायचा विचार केलाय का?" त्या संध्याकाळी आईला भरवून झाल्यावर मी शेठना होकार कळवला.

पंधरा दिवसांनी मी बंगल्यावर गेले. दिवाणखान्यात चित्र टेबलावर आडवं ठेवलं होतं. मूळ चित्र मी कितीतरी वर्षांनी इतक्या जवळून बघत होते. बाईच्या हातावरचं तेल मी फाइलीत पांढरं केलं होतं. त्या मास्तरने ते पिवळं काढलं होतं, आणि तेच बरोबर होतं. रंग कालवताना मनात हिशेब सुरू होता. पाण्यात विरघळणारा रंग घ्यायचा, थोडा गोंद घालायचा, वरून वार्निश मारायचं नाही. म्हणजे खालचं नाव शाबूत राहील. कधीही कुणी ओला कापूस फिरवला की निघेल. मी स्वतःला सांगितलं की मी पुसत नाहीये, नुसतं झाकते आहे. चांगल्या शिकलेल्या माणसाला पळवाटा चांगल्या सापडतात. अर्ध्या तासात कोपरा झाला. महाराजांनी छापील प्रत शेजारी धरून बघितली आणि म्हणाले, "वा. जादू आहे तुमच्या हातात." मला त्या शाबासकीने बरं वाटलं, आणि ते जास्त वाईट होतं.

काका फोन करत राहिले. मी "जुनी फाइल सापडत नाही" म्हणत राहिले. मग त्यांनीच पेपरात प्रदर्शनाची बातमी वाचली आणि फोन केला. आवाजात तरुणपणा आला होता. "बाई, आता फाइल नको शोधायला. मूळ चित्रच बघायला मिळणार. मोठ्या मुलाला बरोबर आणतोय. तुम्ही असाल ना तिथे?"

मी असणारच होते. रंगांना काही झालं तर म्हणून शेठनी मला सकाळपासून तिथे उभं केलं होतं.

ते अकराच्या सुमाराला आले. तोच शर्ट असावा. मुलगा पन्नाशीचा, हातात फोन, वडिलांच्या मागे दोन पावलं. दारातच छापील फणसवालीचं मोठं बॅनर होतं, त्यापुढे लोक फोटो काढत होते. काका तिथे थांबले नाहीत. सरळ आत आले, मला नमस्कार केला, आणि चित्रासमोर उभे राहिले. आधी चेहरा बघितला. "आजी," एवढंच म्हणाले. मग चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला, गुडघ्यावर हात ठेवून वाकले आणि उजव्या कोपऱ्यात बघायला लागले.

ते किती वेळ वाकले होते मला सांगता येणार नाही. माझ्या मुठीत रुमाल होता, घामाने भिजलेला. एक पाऊल पुढे टाकायचं होतं आणि एकदा रुमाल फिरवायचा होता. तांबडी अक्षरं तिथेच होती, त्यांच्या नाकापासून वीतभर अंतरावर. समोर महाराज कुणाशी तरी हसत बोलत होते. दाराजवळ शेठ उभे होते, माझ्याकडे बघत. घड्याळात अकरा वाजून गेले होते आणि माझ्या डोक्यात, खरं सांगते, एवढंच आलं की दीडला निघून आईला भरवायचं आहे.

काका उठले. मुलाने त्यांचा दंड धरला आणि हळूच म्हणाला, "बाबा, नाहीये ना काही? चला."

"इथेच होतं," काका मला म्हणाले. "इथेच ना हो, बाई? तुम्ही हे चित्र आधी पाहिलं आहे. इथे काही होतं का?"

मी म्हणाले, "मी पाहिलं नाही, सर."

त्यांनी मान हलवली. पुन्हा एकदा कोपऱ्याकडे बघितलं. मग लहान मुलाची चूक मास्तरने समजून घ्यावी तसं, पण स्वतःचीच चूक समजून घेत, म्हणाले, "मग माझ्याच मनाचं असेल ते. सात वर्षांचं पोर, काय लक्षात ठेवणार? उगाच तुम्हाला इतके दिवस त्रास दिला. माफ करा हं." आणि त्यांनी मला हात जोडले.

मुलगा त्यांना धरून घेऊन गेला. मी सहापर्यंत तिथे उभी होते. दीडला आईला भरवायला शेजारणीला फोन केला. इतक्या वर्षांत तिने एकदाही नाही म्हटलं नव्हतं, आणि मी तिला एकदाही विचारलं नव्हतं.

यंदाच्या दसऱ्याच्या पेट्यांचं काम सुरू आहे. आता फणसवालीखाली त्या मोठ्या चित्रकाराचं नाव बारीक अक्षरात येतं, पुढे प्रश्नचिन्ह घालून. पुढच्या वर्षी प्रश्नचिन्ह जाईल. काकांच्या नंबराची चिठ्ठी माझ्या पाकिटात आहे. मी नंबर फिरवते आणि वाजायच्या आधी बंद करते. मूळ स्कॅन पेनड्राइव्हवर घालून मी घरी आणला आहे. तो आईच्या औषधांच्या डब्यात असतो.

महिनाभर रोज थोडं थोडं करून हे सगळं लिहून काढलं. निदान एका ठिकाणी तरी खरं राहू दे, असं वाटलं. काल रविवारी दुपारी आईला ते पहिल्यापासून वाचून दाखवलं. ती डोळे मिटून ऐकत होती. मला वाटलं, झोपली. संपल्यावर तिने डावा हात पुढे केला, वही ओढून घेतली, शेवटचं पान उघडलं आणि तळाशी, उजव्या कोपऱ्यात बोट फिरवलं.

"त्याचं नाव?" तिने विचारलं.

मी वही तिच्याकडून घेतली आणि पहिल्या पानापासून शोधलं. कुठेच नव्हतं.